मुलाच्या दातांचे ब्रेसेस आणि घरचा दंतवैद्य : ब्रिटनमधील व्यवस्था

ब्रिटनमध्ये मुलाचे दात सरळ करण्याचे काम बहुधा ऑर्थोडॉन्टिस्ट करतो. त्याच्याकडे केव्हा पाठवायचे हे मात्र कुटुंबाचा नेहमीचा दंतवैद्य ठरवतो आणि उपचार चालू असताना दातांची राखणही तोच करतो. तारा बसल्या की त्याच्याकडे जाणे थांबवणे ही पालकांची चूक महागात पडू शकते.

पहिला प्रश्न वेळेचा. नवव्या-दहाव्या वर्षी दंतवैद्य वरचे सुळे हिरडीवरून बोटाने चाचपतो. सुळा हाताला लागला नाही, तर तो टाळूकडे वळलेला असू शकतो आणि शेजारच्या दाताचे मूळ झिजवू शकतो. वेळीच कळल्यास कित्येकदा दुधाचा सुळा काढल्यानेही त्याची वाट मोकळी होते. पुढचे दात फार बाहेर असतील, तर जबड्याच्या वाढीचा काळ साधावा लागतो. मुलग्यांमध्ये तो मुलींपेक्षा उशिरा येतो. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी विकसित केलेले ‘ट्विन ब्लॉक’ हे काढता-घालता येणारे साधन याच काळात उपयोगी पडते.

दुसरा प्रश्न खर्चाचा. एनएचएसमध्ये १८ वर्षांखालील मुलांना हे उपचार मोफत मिळतात, पण गरजेच्या निकषावर. दोषाच्या तीव्रतेच्या पाच श्रेणींपैकी चौथी आणि पाचवी पात्र ठरते; तिसरीतील काहींचाच विचार होतो. वरचे दात खालच्यांपेक्षा ६ मिलिमीटरहून अधिक पुढे असल्यास चौथी श्रेणी लागू होते.

स्थिर ब्रेसेस साधारण दीड ते दोन वर्षे राहतात. ऑर्थोडॉन्टिस्ट काही आठवड्यांच्या अंतराने तारा जुळवतो. कीड आणि हिरड्यांची तपासणी दंतवैद्याकडेच राहते. जागेसाठी उपदाढा काढायच्या असल्यास त्याही बहुधा तोच काढतो. स्वच्छता ढिली पडली, तर तारा निघाल्यावर दातांवर कायमचे पांढरे डाग उरतात. चिक्की, कडक लाडू आणि शीतपेये या काळात वर्ज्य.

सुटीत भारतात जाऊन ब्रेसेस बसवण्याचा विचार करणाऱ्यांनी पुढच्या भेटी कोण देणार, हे आधी ठरवावे. उपचाराच्या मध्यावर देश बदलायचा झाल्यास एक्स-रे, छायाचित्रे आणि उपचार-आराखड्याच्या प्रती सोबत घ्याव्यात.

तारा निघाल्या तरी दातांची जुन्या जागी परतण्याची ओढ संपत नाही. म्हणून रिटेनर वापरावाच लागतो. पहिल्या वर्षानंतर त्यावरची देखरेख पुन्हा घरच्या दंतवैद्याकडे येते.