साठेखत झालं, पण मालक खरेदीखत करून देईना! कोर्टात जाऊन जमीन मिळते का?

जमिनीचा भाव ठरला, विसार दिला, साठेखतावर दोघांच्या सह्याही झाल्या. उरलेली रक्कम सहा महिन्यांत देऊन खरेदीखत करायचं होतं. तेवढ्यात गावाजवळून रिंगरोड जाणार अशी बातमी येते, भाव चढतो आणि मालक म्हणतो, "तुमचा विसार परत घ्या, मला व्यवहार करायचा नाही." अशा वेळी विसार घेऊन गप्प बसण्याशिवाय काहीच करता येत नाही, असं अनेकांना वाटतं.

तसं नाही. स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट, १९६३ या कायद्याखाली खरेदीदार दिवाणी न्यायालयात करारपूर्तीचा दावा लावू शकतो. म्हणजे 'नुकसानभरपाई नको, ठरल्याप्रमाणे जमीनच द्या' अशी मागणी. पूर्वी करार सिद्ध झाला तरी असा आदेश द्यायचा की नाही, हे कोर्टाच्या विवेकावर होतं. १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तो विवेकाधिकार काढला. कायद्यातल्या अटी पूर्ण होत असतील, तर कोर्टाने करार अमलात आणायचा आहे.

साठेखत म्हणजे मालकी नव्हे

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम ५४ स्पष्ट सांगतं की विक्रीच्या करारातून मालमत्तेत कोणताही हक्क तयार होत नाही. साठेखताने मिळतो तो फक्त खरेदीखत करून मागण्याचा हक्क. आणि तो टिकवणं खरेदीदाराच्याच हातात असतं.

कोर्टात मालकाने शब्द फिरवला हे दाखवून भागत नाही. आपण पहिल्यापासून पैसे द्यायला तयार होतो आणि तेवढी ऐपतही होती, हे खरेदीदाराला सिद्ध करावं लागतं (कलम १६). बँकेचं स्टेटमेंट, कर्जमंजुरीचं पत्र, मालकाला वेळेत पाठवलेली नोटीस इथे कामाला येते. 'मी फोनवर सारखं सांगत होतो' याला फारसं वजन नाही.

मदुराईतल्या एका घराच्या खटल्यात हेच झालं. करार १९७८ चा, किंमत ६० हजार रुपये, विसार फक्त ५ हजार. उरलेल्या रकमेसाठी सहा महिन्यांची मुदत होती. खरेदीदार जवळपास अडीच वर्षं काहीच न करता थांबला आणि मग खरेदीखत मागू लागला. तोपर्यंत भाव वाढले होते. सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्ये त्याची मागणी फेटाळली.

दावा लावायला मुदत आहे तीन वर्षं. करारात खरेदीखताची तारीख असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर मालकाने नकार दिल्याचं कळल्यापासून. पण तीन वर्षं आहेत म्हणून शेवटच्या महिन्यापर्यंत थांबलं तर काय होतं, ते मदुराईच्या प्रकरणात दिसलंच.

मालकाने जमीन दुसऱ्यालाच विकली तर?

नव्या खरेदीदाराला आधीचा करार माहीत असेल, तर त्यालाही दाव्यात ओढता येतं. माहीत नसताना, प्रामाणिकपणे पूर्ण पैसे मोजून त्याने जमीन घेतली असेल, तर कायदा त्याला संरक्षण देतो. दावा सुरू असताना विक्री झाली, तर नवा खरेदीदार निकालाने बांधला जातो. मात्र महाराष्ट्रात १९३९ च्या स्थानिक दुरुस्तीमुळे त्यासाठी दाव्याची नोटीस दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावी लागते. वकिलाला हे पहिल्याच भेटीत विचारलेलं बरं.

साठेखत नोंदणीकृत नसेल तरी या दाव्यात ते पुरावा म्हणून चालू शकतं. मुद्रांक शुल्क कमी भरलं असेल तर मात्र आधी ते दंडासह भरावं लागतं. आणखी एक गोष्ट, जमीन नाहीच मिळाली तर विसार परत मिळावा, ही मागणी दाव्यात लिहावी लागते. न मागता कोर्ट ती देत नाही.

निकाल बाजूने लागला आणि तरीही मालक सही करेना, तर कोर्टाने नेमलेला अधिकारी त्याच्या वतीने खरेदीखतावर सही करतो. पण खरेदीदाराने कोर्टाने दिलेल्या मुदतीत उरलेली रक्कम भरली नाही, तर कलम २८ खाली करार रद्द करण्यासाठी मालक त्याच दाव्यात अर्ज करू शकतो.