भोकरदनची हस्तिदंती स्त्रीमूर्ती : नाम, स्थान व काल

जालना जिल्ह्यातील केळणा नदीकाठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन होय. नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनी १९७३ मध्ये येथे संयुक्त उत्खनन केले आणि शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांनी त्याचा वृत्तान्त १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. (जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. जुन्या लेखनात भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यात दाखविलेले असते, हे संदर्भ शोधणाऱ्याने ध्यानी ठेवावे.) येथील सातवाहनकालीन हस्तिदंती अवशेषांत एका स्त्रीमूर्तीचा केवळ खालचा भाग आहे. या भग्न बाहुलीला महत्त्व आले ते तिच्या एका दूरदेशी भगिनीमुळे.

इटलीतील पाँपेई येथे आमेदेओ मायुरी यांना १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली. ती सध्या नेपल्सच्या संग्रहालयात आहे. उंची सुमारे २५ सेंटिमीटर. अंगावर मेखला व भरगच्च अलंकार, वस्त्र जवळजवळ नाहीच. दोन्ही बाजूंस प्रसाधनाचे साहित्य घेतलेल्या दोन लहान दासी. तिला ‘लक्ष्मी’ म्हणण्याचा प्रघात लवकरच पडला आणि तो अजून सुटलेला नाही. परंतु लक्ष्मीची ओळख पटविणारी चिन्हे, म्हणजे हातातील कमळ किंवा अभिषेक करणारे गज, येथे नाहीत. उलट मस्तकातून खाली एक छिद्र कोरलेले आहे. त्यावरून ती आरशाची मूठ अथवा एखाद्या छोट्या आसनाचा पाया असावी, असे अभ्यासकांनी सुचविले आहे. मूर्ती पूजेची नव्हे, वापराच्या वस्तूची आहे. सांचीच्या तोरणांवरील यक्षींशी तिचे नाते अधिक जवळचे वाटते. ‘लक्ष्मी’ या नावाने तिला देव्हाऱ्यात बसविले खरे, पण तिचा उपयोग मात्र त्या नावाआड झाकला गेला.

कालाविषयी एक गोष्ट निर्विवाद आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकाने पाँपेई गाडले गेले. सबब ही मूर्ती त्यापूर्वीची. मात्र ७९ ही केवळ अलीकडची मर्यादा आहे, घडणीचे वर्ष नव्हे. मूर्ती किती वर्षे त्या घरात होती, वाटेत किती हात बदलले, हे त्या राखेवरून समजत नाही. कर्ब-१४ पद्धतीनेही हे कोडे पूर्णतः सुटणारे नाही, कारण तिने कळतो तो हत्तीच्या दाताचा काल, कोरीव कामाचा नव्हे. साठवून ठेवलेला दात पुढील पिढीतही कोरला जाऊ शकतो. शिवाय परीक्षेसाठी मूर्तीचा अंश खर्ची घालावा लागतो तो वेगळाच.

स्थानाचा प्रश्न येथूनच सुरू होतो. प्रारंभी पाँपेईची मूर्ती मथुरेची मानली गेली. तिच्यावर एक खरोष्ठी अक्षर असल्याने, आणि अफगाणिस्तानातील बेग्राम येथे १९३७ व १९३९ मध्ये हस्तिदंती कामाचा मोठा साठा सापडल्याने, वायव्येकडेही दृष्टी गेली. पुढे तेर (प्राचीन तगर) येथील तशीच एक मूर्ती आणि भोकरदनचा अवशेष यांचे साम्य ध्यानात आले. म. के. ढवळीकर यांनी पाँपेईच्या मूर्तीचे मूळ भोकरदनकडे मानले. दख्खनच्या बाजूने हा पुरावा सबळ आहे; खरोष्ठी अक्षर मात्र तेवढ्याने निकाली निघत नाही. ते जुळणीची खूण असेल, किंवा मूर्ती वायव्येकडून गेल्याची साक्ष असेल.

पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथाचा आधार येथे अनेकदा घेतला जातो. त्यात भडोचहून निर्यात होणाऱ्या मालात हस्तिदंत आहे हे खरे. परंतु पैठण व तगर येथून भडोचला येणारा माल म्हणून जो सांगितला आहे, तो प्रामुख्याने अकीकासारखे दगड आणि कापड. म्हणजे दख्खनच्या हस्तिदंती कारागिरीला या ग्रंथाची थेट साक्ष मिळत नाही. अधिक उपयुक्त साक्ष सांचीची आहे. तेथील दक्षिण तोरणावरील लेखात विदिशेच्या दंतकारांनी कोरीव काम केल्याची नोंद आहे, आणि त्याच स्थळी भोगवर्धनच्या दात्यांची नावेही आढळतात. कोरीव हस्तिदंताचे शिल्प व भोगवर्धनचे लोक एकाच ठिकाणी, एकाच काळाच्या आसपास वावरत होते, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

त्या लेखांतील नावाचे रूप ‘भोगवढन’ असे आहे. संस्कृत ‘वर्ध’ प्राकृतात ‘वड्ढ’ होतो व मराठीत ‘वाढ’ होतो. त्या नियमाने पाहता गावाच्या नावात ‘ढ’ किंवा त्याचा अवशेष राहावयास हवा होता. ‘भोकरदन’मध्ये मात्र रेफ टिकला आहे आणि दंत्य वर्ण आला आहे. तेव्हा हे रूप लोकमुखातील प्राकृताचे सरळ अपत्य नसून संस्कृत रूपाच्या छायेत घडले असावे. ज्याच्या फळांचे लोणचे घालतात त्या भोकराच्या झाडाचे नावही त्यात मिसळले असणे शक्य आहे. मार्कण्डेय पुराणातील दक्षिणापथाच्या जनसमूहांत ‘भोगवर्धन’ येते, तेही संस्कृत रूपाचे सातत्य दाखविते.

उत्खननात मिळणाऱ्या पांढऱ्या केओलिन मातीच्या पोकळ बाहुल्यांचे निदान तुलनेने सोपे आहे. दोन साच्यांत दोन अर्धे दाबून जोडण्याची पद्धती त्यांच्या कडेच्या सांध्यावरून ओळखू येते व ती सातवाहनकाळाकडे निर्देश करते. हस्तिदंताला असा सांधा नसतो. तेथे शैली, थर आणि पाँपेईची राख, एवढ्यांवरच भिस्त ठेवावी लागते.