पडदा रंगवायचा की भिंत?

शाळेच्या हॉलचं स्टेज आठवतंय? ऑइलपेंटची चकचकीत गुलाबी भिंत. नाटकात जंगल असो की तुरुंग, दिसायची शाळाच!

३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात 'संगीत शाकुंतल' आलं. पुढे संगीत नाटकं फोफावली आणि रंगवलेल्या पडद्यांना दिवस आले. महाल, बाग, रस्ता, सगळं कापडावर! कोल्हापूरचे बाबूराव पेंटर सिनेमाआधी हेच करायचे.

मग १६ डिसेंबर १९७२, भरत नाट्य मंदिर, 'घाशीराम कोतवाल'. इथे माणसांची रांगच पडदा झाली.

आता रंगकाम निघालंच तर काळा मॅट रंग मागा. तो उजेड परत फेकत नाही, म्हणून फक्त नट दिसतो.

आमच्या शाळेत "काळा अशुभ" यावर दोन गॅदरिंग वाद चालला. शेवटी मागची भिंत काळी झाली. बाजूच्या अजून गुलाबीच आहेत.