वाटा आणि पोटगी : हिंदू वारसाहक्कातील अपंगांचे स्थान

अपंगांच्या हक्कांचा इतिहास लिहिताना शाळा, आश्रम आणि नोकऱ्यांतील राखीव जागा यांना सहसा अग्रस्थान मिळते, आणि घरातल्या जमीनजुमल्यात अपंग मुलाला वाटा मिळत होता की नाही हा प्रश्न वारसा कायद्याच्या पुस्तकांत पडून राहतो. शेत आणि घर हीच जेथे उपजीविकेची मुख्य साधने होती, त्या समाजात मात्र माणसाची पत याच प्रश्नावर ठरत असे. धर्मशास्त्राने त्याचे जे उत्तर दिले ते पुढे इंग्रजी न्यायालयांनी आणि विधिमंडळांनी अनेकदा बदलले, परंतु ते पूर्णपणे पुसले जाण्यास विसावे शतक अर्धे उलटावे लागले.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वाट्याला अपात्र ठरणाऱ्यांची गणना आहे. तीत क्लीब म्हणजे संततीस असमर्थ पुरुष, पतित म्हणजे महापातकामुळे समाजबाह्य झालेला, जन्मतः आंधळा, जन्मतः बहिरा, उन्मत्त, जड म्हणजे मंदबुद्धी, मुका आणि एखादे इंद्रिय नसलेला, असे सारे एकाच पंक्तीत बसवलेले आहेत. याज्ञवल्क्यस्मृती त्यांत पंगूची आणि असाध्य रोग जडलेल्याची भर घालते. लगेच पुढचा नियम असा की, या सर्वांना कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे आयुष्यभर अन्नवस्त्र द्यावे, आणि जो देणार नाही तो पतित ठरतो असे मनू बजावतो. त्यांचे पुत्र निर्दोष असतील तर ते वाट्याचे अधिकारी होतात, मुलींचा सांभाळ विवाहापर्यंत करावा लागतो आणि निपुत्रिक पत्नींनाही, त्या सदाचरणी असतील तर, पोटगी मिळते. अपात्रता त्या व्यक्तीपुरतीच राही. अपवाद पतिताचा, कारण याज्ञवल्क्याने पतिताच्या पुत्रालाही वगळले आहे.

ही व्यवस्था निव्वळ निर्दयतेची होती असे म्हणता येत नाही. पोटगी हे दान नव्हते, ते कुटुंबाच्या संपत्तीवरचे बंधन होते, आणि पुढे न्यायालयांतून ते वसूलही करता येत असे. तथापि वाटा आणि पोटगी यांतील अंतर मोठे आहे. वाटा मिळालेला माणूस वेगळा निघू शकतो, जमीन गहाण टाकू शकतो, व्यवहारात चूक करण्याचेही त्याला स्वातंत्र्य असते. पोटगीवर जगणाऱ्याला मात्र ज्या भावाच्या हाती मालमत्ता गेली त्याच्याच दारी राहावे लागते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही जड, उन्मत्त, आंधळा आणि कुष्ठी यांच्याविषयी हाच नियम आहे. त्याच ग्रंथात शारीरिक व्यंगावरून टोचून बोलणाऱ्याला दंड सांगितला आहे, आणि काण्याला उपरोधाने सुंदर डोळ्यांचा म्हणणाऱ्याला बारा पणांचा, म्हणजे व्यंगाचा सरळ उल्लेख करणाऱ्याहून अधिक दंड आहे. अपमान ओळखण्यात इतके सूक्ष्म असणारे शास्त्र मालमत्तेच्या बाबतीत मात्र ठोकळ राहिले.

या वगळण्यामागचे कारण बहुतेक भाष्यकार धर्मकृत्यांच्या अधिकारात शोधतात. यज्ञ करणे आणि पितरांना पिंड देणे ज्याला शक्य नाही त्याला त्यासाठीचे धनही नको, असा हा युक्तिवाद असून, अंगहीनाला यज्ञाचा अधिकार आहे की नाही याची चर्चा जैमिनीच्या पूर्वमीमांसेतही आढळते. राज्याच्या वारशालाही हाच न्याय लावला जाई. महाभारतात धृतराष्ट्राची कथा सर्वपरिचित आहे, पण शंतनूचा थोरला भाऊ देवापी त्वचारोगामुळे राज्याला मुकला, ही कथा त्याच अर्थाची असूनही कमी सांगितली जाते.

कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने अकराव्या शतकाच्या अखेरीस किंवा बाराव्याच्या प्रारंभी विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली, आणि महाराष्ट्रासह देशाच्या बहुतांश भागात वारशाचा कायदा पुढे तिच्यावरच उभा राहिला. विज्ञानेश्वराने नियम कायम ठेवला, परंतु त्याला दोन महत्त्वाच्या मर्यादा घातल्या. दोष वाटणीपूर्वी उत्पन्न झालेला असेल तरच वाटा जातो. वाटणीनंतर आंधळा झालेल्याकडून मिळालेला वाटा काढून घेता येत नाही. शिवाय वाटणीनंतर औषधाने किंवा अन्य उपायाने दोष नाहीसा झाला, तर वाटणीनंतर जन्मलेल्या पुत्राप्रमाणे त्यालाही वाटा मिळतो. या दुसऱ्या मर्यादेवरून दिसते की विज्ञानेश्वराच्या दृष्टीने अपात्रता हा कायमचा कलंक नव्हता. विधवेच्या वारसाहक्काची चर्चा करताना धन केवळ यज्ञासाठीच असते हे मत त्याने खोडून काढले आहे. तोच तर्क त्याने आंधळ्या-पांगळ्यांच्या बाबतीत शेवटपर्यंत नेला असता, तर नियमाचा पायाच ढासळला असता. तो त्याने नेला नाही, कारण टीकाकाराला स्मृतीचे स्पष्ट वचन ओलांडता येत नसे. मूळच्या पैठणच्या आणि काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने सतराव्या शतकात रचलेला व्यवहारमयूख मुंबई, उत्तर कोकण आणि गुजरातमध्ये प्रमाण मानला गेला, पण त्यानेही नियमाचा गाभा बदलला नाही.

इंग्रजी अमलात हे संस्कृत ग्रंथ न्यायालयाच्या टेबलावर आले. कोलब्रुकने 1810 मध्ये मिताक्षरेतील वारसाप्रकरणाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, बॉरोडेलने 1827 मध्ये मयूखाचे. पुढे 1880 मध्ये रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिकांनी व्यवहारमयूखाची आवृत्ती काढली. न्यायाधीशांना शास्त्रार्थ सांगण्यासाठी नेमलेले शास्त्री 1864 मध्ये बंद झाले, आणि त्यानंतर भाषांतरित वचन व मागील निवाडे यांवरच भिस्त राहिली. यातून नियम अधिक कठोर होईल अशी अपेक्षा असता प्रत्यक्षात तो हळूहळू आक्रसत गेला. आंधळेपणामुळे वाटा जायचा असेल तर तो जन्मजात असला पाहिजे, आणि कुष्ठरोगामुळे जायचा असेल तर तो व्रणयुक्त, उग्र स्वरूपाचा असला पाहिजे, असे मुंबई उच्च न्यायालयाने 1876-77 च्या सुमारास ठरवले. दोष सिद्ध करण्याचा भारही तो आहे असे म्हणणाऱ्यावर, म्हणजे व्यवहारतः वाटा नाकारू पाहणाऱ्या भाऊबंदांवर, टाकला गेला. न्यायाधीशांना नियम रुचत नव्हता, पण तो रद्द करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. म्हणून पुराव्याची अट वाढवत त्यांनी त्याला शक्य तितके अरुंद केले. याची दुसरी बाजू अशी की, जन्मांध माणसाला या उदारपणाचा काहीच लाभ झाला नाही, उलट त्याची अपात्रता निवाड्यांनी अधिक पक्की झाली.

येथे एक तफावत लक्षात घेण्याजोगी आहे. मनूच्या यादीत आंधळ्याशेजारी बसलेल्या पतिताची अपात्रता 1850 च्या कायद्यानेच संपली होती. धर्मांतर केल्याने किंवा जातीबाहेर टाकले गेल्याने कोणाचा मालमत्तेवरील हक्क जाणार नाही, असे त्या कायद्याने ठरवले. ज्याच्याकडे दोष म्हणून आचरण होते त्याला वाटा परत मिळाला, आणि ज्याच्याकडे केवळ देह होता तो आणखी 78 वर्षे थांबला. धर्मांतरितांच्या बाजूने मिशनऱ्यांचे वजन होते. अपंगांच्या बाजूने सरकारदरबारी तसा कोणताही गट नव्हता.

अखेर 1928 च्या बाराव्या अधिनियमाने, म्हणजे हिंदू वारसा (अपात्रता निवारण) कायद्याने, रोग, व्यंग किंवा शारीरिक-मानसिक दोष या कारणांवरून कोणालाही वारशातून किंवा एकत्र कुटुंबातील हिश्शातून वगळता येणार नाही असे घोषित केले. कायदा आखूड होता आणि त्याला तीन गाठी मारलेल्या होत्या. जन्मापासून वेडा किंवा मतिमंद असलेला त्यातून वगळला गेला. बंगालमध्ये चालणाऱ्या दायभाग पद्धतीच्या कुटुंबांना तो लागू झाला नाही. आणि धार्मिक पद, सेवा किंवा धर्मादाय न्यासाची व्यवस्था यांवर त्याने नवा हक्क दिला नाही. शेवटची गाठ बोलकी आहे, कारण यज्ञाधिकाराचा जुना युक्तिवाद शेतजमिनीवरून हटला तरी पूजाअर्चेच्या वृत्तीवर तो तसाच ठेवण्यात आला.

उरलेले 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने केले. त्याच्या 28 व्या कलमाने रोग, दोष वा व्यंग यांवरून कोणीही अपात्र ठरणार नाही असा सरसकट नियम घातला, आणि जन्मजात मानसिक दोषाचा तसेच दायभागाचा अपवाद गेला. मात्र त्याच्या आदल्याच वर्षी झालेल्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून नोंदले गेले होते, आणि बहुविध औषधोपचाराने रोग पूर्ण बरा होऊ लागल्यानंतरही ते तेथेच राहिले. ते 2019 मध्ये काढण्यात आले.

1995 च्या अपंग व्यक्ती कायद्याने शिक्षण आणि नोकरी यांवर भर दिला, घरातील मालमत्तेकडे तो वळला नाही. भारताने 2007 मध्ये संमती दिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारात मालमत्तेची मालकी आणि वारसा यांचा स्पष्ट उल्लेख आला, आणि त्याला अनुसरून 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्याच्या 13 व्या कलमात जंगम व स्थावर मालमत्ता धारण करण्याचा आणि वारशाने मिळवण्याचा समान हक्क लिहिला गेला. 1956 नंतर हिंदूंच्या बाबतीत हे पुन्हा सांगण्याची कायदेशीर गरज फारशी नव्हती. नवे आहे ते त्याच कलमातील दुसरे विधान. निर्णय घेताना अपंग व्यक्तीला जो साहाय्य करतो, त्याचे हितसंबंध मालमत्तेच्या एखाद्या व्यवहारात तिच्या हिताशी विरोधी असतील, तर त्या व्यवहारात त्याने साहाय्य करण्यापासून दूर राहावे, असे ते सांगते. मात्र केवळ रक्ताचे, सोयरिकीचे किंवा दत्तकाचे नाते आहे म्हणून तसा विरोध आहे असे गृहीत धरले जाणार नाही, असाही खुलासा तेथे आहे. सांभाळणारा आणि वाटेकरी हे एकच असू शकतात, ही गोष्ट स्मृतिकारांनी व्यवस्थेचा पाया म्हणून स्वीकारली होती. या कायद्याने ती धोका म्हणून नोंदवली.