शाळेचे दार आणि गाव

शाळा सुटल्यावर विद्यालयाचे सभागृह, ग्रंथालय व पटांगण परिसरातील इतर समाजांस वापरावयास द्यावे किंवा कसे, हा प्रश्न आपल्या ट्रस्टच्या सभांतून वारंवार निघतो. सुवर्णमहोत्सवी वर्षात त्याचा निर्णय व्हावयास हवा. आपल्याला तो नवा वाटत असला, तरी दक्षिण महाराष्ट्रात तो शंभर वर्षांहून जुना आहे आणि जैन समाज त्यात दोन्ही बाजूंनी उभा राहिलेला आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थी वसतिगृहांना उत्तेजन दिले. कोल्हापूरचे दिगंबर जैन बोर्डिंग त्यांतील आरंभीचे होय. ते दरबारच्या साहाय्याने उभे राहिले. अर्थात, ज्या वास्तूला आपण 'आपली' म्हणतो, तिच्या जमेच्या बाजूस पहिल्यापासून रयतेचाही पैसा होता. व्यापारी माणसाला ही नोंद वगळून ताळेबंद मांडता येत नाही.

याच बोर्डिंगमध्ये कुंभोजचे भाऊराव पाटील राहत असत. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास ते गेले आणि परतल्यावर जेवणापूर्वी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. त्या काळची रूढी ध्यानात घेता व्यवस्थापकांना आज दोष देणे फार सोपे आहे. परंतु आपल्या समाजाच्या सर्वांत थोर शिक्षणमहर्षीला आपल्याच दाराबाहेर जावे लागले, हे स्मरणिकेत लिहिण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही.

पुढे १९१९ मध्ये काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव देण्यात आले. त्यानंतर खेडोपाडी व्हॉलंटरी शाळा निघाल्या, तेव्हा इमारती कोठे होत्या? कोठे देवळाच्या ओवरीत, कोठे चावडीत, कोठे धर्मशाळेत मुले बसली. हा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम गावाने शाळेस जागा दिली. शाळेने गावास जागा देणे ही त्यामागून आलेली गोष्ट. तेव्हा आज आपण सभागृह उघडले, तर ते दानाच्या खाती न लिहिता जुन्या देण्याच्या परतफेडीत लिहावे लागेल.

ती परतफेड काही ठिकाणी झालीही. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली व १९६१ पासून ती राज्यभर नेण्यात आली. दिवसा मुलांना शिकविणारे प्राथमिक शिक्षक प्रौढांनाही अक्षरे गिरवावयास लावीत, आणि गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. अलीकडे २०१९ व २०२१ च्या महापुरांत कोल्हापूर-सांगलीकडील शाळांनी पूरग्रस्तांना आसरा दिला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शाळेच्या वेळेबाहेर इमारतीचा 'सामाजिक चेतना केंद्र' म्हणून उपयोग सुचविला आहे.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात आहार, औषध, उपकरण व आवास अशी चार दाने सांगितली. ते विवेचन मुख्यतः व्रतींच्या वैयावृत्त्यासंबंधी आहे, हे मान्य. तरीही निवाऱ्यास दानाचे स्थान देणारी परंपरा कुलुपाचा पुरस्कार करील, असे वाटत नाही.

विरोधकांचे आक्षेप मात्र पोकळ नाहीत. वीज, पाणी, सफाई, बाकांची मोडतोड व घसारा हा खर्च खरा आहे. त्यासाठी अनामत रक्कम, नोंदवही व रात्री बंद करण्याची निश्चित वेळ असावी. आवारात मांसाहार व मद्य नसावे, हीही अट असावी. ही अट सर्वांना सारखीच लागू पडते, कोणाच्या जातीकडे ती बोट दाखवीत नाही. कोणी कोणत्या समाजाचा, हे विचारणारा रकाना मात्र अर्जात नको.

प्रस्तुत लेखकाच्या मते आरंभ ग्रंथालयापासून करावा, कारण तेथे मोडण्यासारखे थोडे आणि वाचण्यासारखे पुष्कळ आहे. सायंकाळी सहा ते नऊ ही वेळ परिसरातील, घरी अभ्यासास जागा नसलेल्या मुलांना सोयीची पडेल. किल्ली कोणाकडे असावी, एवढे कार्यकारिणीने ठरवावयाचे आहे.