फुलांखालची माणसे : हानामीच्या इतिहासाविषयी

मराठी वाचकाची जपानी कवितेशी असलेली ओळख बहुतांशी हायकूपुरती आहे. शिरीष पै यांनी हा काव्यप्रकार मराठीत रुजवला आणि आज पदवीच्या वर्गात तो शिकवताना आपण सहसा एका एकाकी माणसाचे चित्र विद्यार्थ्यांसमोर उभे करतो. एक कवी, एक क्षण, भोवती निःशब्द निसर्ग. हे चित्र अगदीच चुकीचे नाही, पण ते फार अपुरे आहे. हायकूचे मूळ रूप म्हणजे होक्कु. आणि होक्कु ही अनेकांनी एकत्र बसून गुंफलेल्या साखळी-कवितेची पहिली कडी असे. बाशोच्या काळात प्रचलित असलेल्या छत्तीस कडव्यांच्या रचनेत दोन जागा 'फुला'साठी राखून ठेवलेल्या असत. नुसते 'फूल' म्हटले की ते साकुराचे, म्हणजे चेरीचे, हे गृहीत धरले जाई. आणि ते कडवे रचण्याचा मान पुष्कळदा बैठकीतल्या सन्माननीय पाहुण्याला दिला जाई. म्हणजे जपानी काव्यव्यवहारात साकुराचे फूल मुळातच चारचौघांत बसून पाहायचे होते. झाडाखाली जमून फुले पाहण्याच्या या प्रथेला 'हानामी' म्हणतात. हाना म्हणजे फूल, मी म्हणजे पाहणे. या शब्दात 'सोबत' कुठेही नाही, पण बाराशे वर्षांच्या इतिहासात ती सर्वत्र आहे. ही सोबत कोणाची होती, कोणाला तिच्यात जागा होती आणि शेवटी या सोबतीचे काय करण्यात आले, हा या लेखाचा विषय आहे.

आरंभी हे फूल साकुराचे नव्हतेच. आठव्या शतकातल्या 'मान्योशू' या संग्रहात उमे या प्लमच्या कुळातल्या झाडावर शंभराहून अधिक कविता आहेत, साकुरावर चाळीसच्या आसपास. उमे चीनमधून आलेले. त्याच्या बहराचा सोहळा करणे हे चिनी विद्येत मुरलेल्या सुसंस्कृत अधिकाऱ्याचे लक्षण. इ. स. ७३० मध्ये दाझाइफु येथे ओतोमो नो ताबितो याच्या घरी भरलेल्या उमे-बैठकीत बत्तीस कविता रचल्या गेल्या. २०१९ साली सुरू झालेल्या 'रेइवा' या जपानी कालखंडाचे नाव त्याच कवितांच्या प्रस्तावनेतून घेतले आहे. साकुराचा पहिला नोंदलेला राजसोहळा त्यानंतरचा, इ. स. ८१२ मधला. सम्राट सागा याने क्योतोच्या शिन्सेन-एन उद्यानात तो भरवला. पुढे राजवाड्यातल्या मुख्य दालनासमोरचे उमेचे झाड जाऊन त्या जागी साकुरा आली, आणि इ. स. ९०५ च्या सुमारास सम्राटाच्या आज्ञेवरून 'कोकिनशू' संपादित होईपर्यंत वसंताच्या कवितांत साकुराचे राज्य पक्के झाले. अभिजनांची अभिरुची परक्या आदर्शाकडून स्वतःच्या डोंगरातल्या झाडाकडे वळली ती साधारण शंभर-दीडशे वर्षांत. संस्कृतकडून देशीकडे वळलेल्या आपल्या वाङ्मयाच्या अभ्यासकांना हा प्रवास अगदीच अनोळखी वाटू नये.

दरबारी सोहळ्यात सोबत ठरलेली असते. कोणी कुठे बसायचे हे पदावरून ठरते. मित्रांची हानामी म्हणता येईल अशी पहिली थोर हकिकत 'इसे मोनोगातारी'च्या ब्याऐंशीव्या प्रकरणात आहे. राजपुत्र कोरेताका दर वर्षी साकुराच्या दिवसांत आपल्या मंडळींसह राजधानीबाहेर जाई. निमित्त शिकारीचे, पण शिकारीत कोणाचेच मन नसे. नागिसा येथील वाड्याच्या आवारात झाडाखाली उतरायचे, फांदी तोडून केसांत माळायची, साके प्यायची आणि कविता करायच्या. वरच्या, मधल्या आणि खालच्या अशा सर्वांनी कविता केल्या, असे तिथे आवर्जून सांगितले आहे. या मंडळींत कवी आरिवारा नो नारिहिरा होता. आता ही मंडळी कोण, हे लक्षात घेतले की सहलीचा रंग बदलतो. कोरेताका हा सम्राट मोंतोकु याचा थोरला मुलगा. पण धाकट्या भावाचे आजोबा फुजिवारा घराण्याचे सर्वेसर्वा असल्यामुळे गादी त्या बालकाकडे गेली. कोरेताकाने पुढे, ८७२ साली, संन्यास घेतला. नारिहिराही सत्तेच्या वर्तुळाबाहेरचाच. राजकारणात हरलेल्या माणसांनी फुलांखाली आपला एक छोटा दरबार मांडला आणि त्यात पदांची उतरंड थोडी सैल केली, असा या सहलीचा अर्थ लावता येतो. फुले लवकर गळतात हे त्यांना सांगायला कोणा तत्त्वज्ञाची गरज नव्हती.

सोबत म्हटली की तिच्याबरोबर गर्दी येतेच, आणि गर्दीविषयीची तक्रारही फार जुनी आहे. साइग्यो (१११८–११९०) हा योद्ध्याचा भिक्षू झालेला कवी. योशिनोच्या डोंगरातली साकुरा आणि त्याचे नाव आज वेगळे काढता येत नाही. वसंतात, पौर्णिमेच्या सुमारास, फुलांखाली मरण यावे अशी इच्छा त्याने कवितेत व्यक्त केली आणि दुसऱ्या चांद्रमासाच्या सोळाव्या तिथीला तो खरोखरच गेला. त्याच्यावर झेआमीने 'साइग्यो-झाकुरा' हे नो नाटक रचले आहे. नाटकातल्या साइग्योला एकांत हवा आहे. पण त्याच्या झोपडीपुढचे झाड बहरल्यामुळे शहरातले लोक लोटतात. दुरून आलेल्यांना परत कसे पाठवायचे म्हणून तो त्यांना आत घेतो, आणि माणसांची झुंबड ओढवून आणणे हाच साकुराचा दोष, अशा आशयाची कविता करतो. रात्री झाडाचा वृद्ध आत्मा प्रकट होऊन त्याला विचारतो की यात झाडाचा अपराध कोणता? त्रास वाटणे हा पाहणाऱ्याच्या मनाचा खेळ. एवढे झाल्यावर तो आत्मा साइग्योवर रुष्ट न होता त्याच्यासाठी पहाटेपर्यंत नृत्य करतो.

झेआमीच्या आधी, १३३०च्या सुमारास, योशिदा केन्को याने 'त्सुरेझुरेगुसा'त हाच प्रश्न रुचीच्या अंगाने मांडला होता. फुले पूर्ण बहरातच पाहायची का, गळून गेलेल्या पाकळ्यांच्या अंगणात पाहण्यासारखे काही नाही का, असे तो विचारतो. आणि मग खेडवळांवर घसरतो. ते झाडाला जाऊन भिडतात, टक लावून बघतात, साके पितात, शेवटी फांद्या मोडून नेतात. केन्कोचे सौंदर्यशास्त्र आपल्याला पटते. पण फांदी मोडून केसांत माळणारा राजपुत्र रसिक आणि फांदी मोडणारा खेडूत मात्र अरसिक, हा न्याय कुठला, हेही विचारायला हवे.

सत्तेला या गर्दीचा उपयोग फार लवकर कळला. तोयोतोमी हिदेयोशीने १५९४ साली सुमारे पाच हजार माणसे घेऊन योशिनोला हानामी केली. त्यांत तोकुगावा इएयासु, माएदा तोशिइए, दाते मासामुने असे बडे सरदार होते. मित्र म्हणून आलेले फार थोडे असतील. १५९८च्या वसंतात क्योतोच्या दाइगो-जी मंदिरात त्याने आणखी मोठा सोहळा केला. सातशे झाडे बाहेरून आणून लावण्यात आली. सुमारे तेराशे पाहुण्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. त्या दिवशी रचलेल्या कवितांच्या पट्ट्या मंदिराने आजही जपून ठेवल्या आहेत. याच वेळी हिदेयोशीचे सैन्य कोरियात दुसऱ्यांदा घुसलेले होते, आणि तिथून पुरावा म्हणून कापून आणलेली नाके क्योतोतच पुरून आदल्या वर्षी त्यांवर टेकाड रचले गेले होते. 'मिमिझुका' नावाचे ते टेकाड अजून आहे. सोहळ्यानंतर काही महिन्यांतच हिदेयोशी मरण पावला. कवितेच्या पट्ट्या आणि नाकांचे टेकाड एकाच शहरात, एका वर्षाच्या अंतराने. साकुराचा इतिहास लिहिताना यांपैकी एकच वस्तू निवडण्याची मुभा आपल्याला नाही.

या भव्य मिरवणुकीच्या शेजारी नव्वद वर्षांनंतरची दोन माणसांची सहल ठेवून पाहावी. १६८८च्या वसंतात मात्सुओ बाशो योशिनोला निघाला तेव्हा त्याच्याबरोबर त्याचा शिष्य आणि मित्र त्सुबोइ तोकोकु होता. तोकोकु हा नागोयाचा तांदळाचा व्यापारी. हाती नसलेला माल विकल्याच्या गुन्ह्याबद्दल त्याला हद्दपारीची शिक्षा झाली होती. आदल्या हिवाळ्यात बाशो वाट वाकडी करून त्याला भेटायला गेला होता. आता तोकोकुने या प्रवासापुरते सेवक-पोराला शोभेलसे 'मांगिकुमारु' हे गमतीदार नाव घेतले आणि दोघांनी आपापल्या टोप्यांवर, आपल्याला ठावठिकाणा नाही अशा अर्थाचा मजकूर लिहिला. हद्दपार माणसाच्या टोपीवर ते शब्द नुसते काव्य राहत नाहीत. योशिनोत ते तीन दिवस राहिले. पहाटेची, संध्याकाळची, मावळत्या चंद्राखालची फुले पाहिली. आणि बाशोने प्रवासवर्णनात नमूद केले आहे की पूर्वसूरींच्या, विशेषतः साइग्योच्या, आठवणीने मन इतके भरून आले की त्याला कविता सुचली नाही. जपानच्या सर्वांत मोठ्या हायकू-कवीने जपानच्या सर्वांत प्रसिद्ध साकुरावनात मौन पत्करले! समीक्षक याला परंपरेचे दडपण म्हणतील आणि ते बरोबरच आहे. पण त्या मौनाला साक्षी असलेला एक मित्र शेजारी होता, हेही विसरू नये. तोकोकु १६९० साली वारला. पुढच्या वर्षी बाशोने आपल्या 'सागा निक्की'त लिहिले की तोकोकु स्वप्नात आला आणि आपण रडत जागे झालो. योशिनोच्या तीन दिवसांविषयी न सुचलेली कविता या नोंदीत सापडते, असे मला वाटते.

अठराव्या शतकात हानामी खऱ्या अर्थाने लोकांची झाली. शोगुन योशिमुने याने १७२०-२१ मध्ये एदोच्या आसुकायामा टेकडीवर हजाराहून अधिक झाडे लावून घेतली आणि १७३७ साली ती टेकडी जनतेला खुली केली. उएनोच्या देवस्थानात गाणे-बजावणे, मद्यपान यांना मज्जाव होता, संध्याकाळी दारे बंद होत. आसुकायामाला ती बंधने नव्हती. केन्कोचे खेडवळ आता शहरी झाले आणि त्यांनी आपले वाङ्मयही निर्माण केले. राकुगो या एकपात्री कथनकलेतली 'नागाया नो हानामी' ही गोष्ट घ्या. चाळीतल्या दरिद्री भाडेकरूंना घरमालक हानामीला नेतो. साके म्हणून पातळ चहा, माशाच्या वड्या म्हणून मुळ्याच्या चकत्या, अंड्याची वडी म्हणून पिवळे मुरवलेले मुळे. सगळे जण जेवणाचे आणि नशेचे सोंग आणतात. आपल्या चाळीच्या वाङ्मयावर वाढलेल्या वाचकाला या विनोदाची चव सांगावी लागणार नाही. दारिद्र्य झाकले जात नाही आणि बेतही मोडत नाही. कोरेताकाच्या सहलीत 'खालच्यां'नीही कविता केल्याचे सांगितले आहे. इथे ते खालचेच आपली गोष्ट सांगतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या इतिहासाला एका झाडाने वेगळे वळण दिले. एदोजवळच्या सोमेइ गावातल्या माळ्यांनी विकायला आणलेली आणि १९०० साली 'सोमेइ-योशिनो' हे नाव मिळालेली साकुरा संकरित आहे आणि कलमांनीच वाढवली जाते. म्हणजे तिची सर्व झाडे आनुवंशिकदृष्ट्या एकच. त्यामुळे एका परिसरातली झाडे एकाच वेळी, पाने फुटण्याआधी फुलतात आणि एकाच वेळी गळतात. शाळा, छावण्या, नदीचे बंधारे या झाडांनी भरून गेले. पूर्वीच्या डोंगरी साकुरा मागेपुढे फुलत. आता बहरालाही शिस्त आली. एकरूप फुलणे आणि एकरूप गळणे या प्रतिमेचे पुढे काय झाले ते सर्वज्ञात आहे. ऑक्टोबर १९४४ मध्ये आत्मघाती वैमानिकांच्या पहिल्या तुकड्यांना मोतोओरी नोरिनागाच्या डोंगरी साकुरावरच्या कवितेतून नावे दिली गेली. मानवी बॉम्ब म्हणून बनवलेल्या विमानाचे नाव 'ओका', म्हणजे साकुराचे फूलच. 'दोकी नो साकुरा' या सैनिकी गीताच्या शीर्षकातच एका तुकडीतले मित्र म्हणजे एकाच वेळी फुललेली साकुरा, हे समीकरण आहे. एप्रिल १९४५ मध्ये चिरान येथे शाळकरी मुली साकुराच्या फांद्या हलवून वैमानिकाला निरोप देत असल्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. एमिको ओनुकी-टिअर्नी यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या तरुण विद्यार्थी-वैमानिकांच्या रोजनिशा तपासून, एका फुलाचा अर्थ राज्यसंस्थेने कसा कलाकलाने बदलत नेला हे दाखवले आहे. हजार वर्षे ज्या फुलाखाली मित्र जमत, त्या फुलाच्या नावाने मित्रांना मरायला पाठवण्यात आले.

आणि नेमक्या त्याच काळात तानिझाकी जुनइचिरो 'सासामेयुकी' लिहीत होता. ओसाकाच्या एका घराण्यातल्या बहिणी दर वसंतात क्योतोला साकुरा पाहायला जातात. थोरलीला दर वर्षी वाटते की धाकटीचे लग्न ठरले तर सर्वांनी मिळून पाहिलेला हा शेवटचा बहर असेल. कादंबरीचे क्रमशः प्रकाशन १९४३ साली सुरू होताच लष्करी दडपणामुळे थांबवावे लागले. युद्धकाळाला असले निवांत, बायकी विषय मानवणारे नव्हते. ती पूर्ण प्रकाशित झाली १९४८पर्यंत. सेन्सॉरचे भय अनाठायी नव्हते असे म्हणावे लागते. बहिणींनी हेइआन देवळाच्या आवारात एकमेकींकडे पाहत फुले पाहणे हे 'दोकी नो साकुरा'ला दिलेले फार मोठे उत्तर होते. इथे फूल गळते म्हणून शेजारच्या माणसाची किंमत वाढते. तिथे ती संपवली जाते.

आज तोक्योत यासुकुनी देवळातल्या ठरावीक झाडावर पाच-सहा फुले उमलली की बहर सुरू झाल्याची अधिकृत घोषणा होते. यासुकुनी म्हणजे युद्धात मेलेल्यांचे स्मारक-देऊळ. त्या गीतातले मित्रही तिथेच पुन्हा फुले होऊन भेटणार असतात. त्या घोषणेनंतर उएनोच्या बागेत सतरंज्या पसरल्या जातात आणि कचेरीतला सर्वांत नवा कारकून पहाटेपासून जागा धरून बसतो. महासाथीमुळे २०२० ते २०२२ या तीन वसंतांत ही बैठक थांबली आणि २०२३ साली पुन्हा भरली. दरम्यान, जुन्या दरबारी रोजनिशांतून यासुयुकी आओनो यांनी जमवलेल्या क्योतोच्या बहराच्या तारखांनी एक वेगळीच साक्ष दिली : २०२१ साली पूर्ण बहर २६ मार्चला आला, बाराशे वर्षांच्या नोंदींत तोवर कधी आला नव्हता इतक्या लवकर. कोणी तरी कोणाबरोबर फुले पाहायला गेले आणि घरी येऊन तारीख लिहून ठेवली, म्हणून पृथ्वी तापत असल्याचा हा पुरावा आज आपल्या हाती आहे. त्या रोजनिशा लिहिणाऱ्यांनी बहुधा सोबत कोण होते हेही नोंदवले असेल. साहित्याच्या विद्यार्थ्याने तारखेबरोबर ती नावेही वाचावीत.