टी-शर्टवरचे मिग

मिग-२१ ने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला वायुदलाचा निरोप घेतला. त्याचे चित्र मिरवणारा टी-शर्ट आता रत्नागिरीतल्या वर्गातही एखाद्या विद्यार्थ्याच्या अंगावर दिसतो. ही एक संहिता मानली, तर तिच्यात त्रिकोणी पंख, टोकदार नाक आणि दोनच साले आहेत : १९६३ व २०२५. मधली बासष्ट वर्षे वाचकाने भरायची.

१४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर झालेला हल्ला सहज आठवतो. गौरवगाथेतला तो ठरलेला अध्याय. ओझर मात्र क्वचितच कोणाच्या ध्यानी येते. नाशिकच्या द्राक्षबागांशेजारी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये स्थापन झाला आणि रशियन आराखड्यांवरून तेथे मिग घडू लागली. त्या कामगारांचा इतिहास मराठी साहित्यात कितीसा आला? (गिरणगावाच्या तुलनेत नगण्यच.)

आणखी एक पान सुटते. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ रोजी सुरतगडजवळ मिग-२१ च्या अपघातात मृत्यू पावले. ठपका वैमानिकावर आला. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी तो नाकारला आणि विमानाच्या सुरक्षिततेविषयी जाहीर प्रश्न विचारले. ‘उडती शवपेटी’ हे विशेषण आम्हांला टी-शर्टइतकेच सवंग वाटते, कारण तेही सारा दोष यंत्रावर ढकलून मोकळे होते. प्रगत प्रशिक्षणाचे ‘हॉक’ वायुदलात दाखल झाले २००८ साली. तोवर नवे वैमानिक ‘किरण’सारख्या संथ विमानावरून जवळजवळ थेट मिगवरच जात होते.